लाल पेन्सिलीतला सा

दूधवाला येऊन गेला की आनंदीबाईंचं दार जे उघडायचं ते रात्रीच्या जेवणापर्यंत उघडंच असायचं. लालबागच्या त्या चाळीत त्यांच्या मजल्यावर कुणी कडी वाजवत नसे. यायचं असेल त्याने गॅलरीतूनच "काकू, आहात का?" म्हणून हाक मारायची आणि उत्तराची वाट न बघता आत शिरायचं. दारावर टकटक करणारा म्हणजे कुरिअरवाला, नाहीतर मतं मागायला आलेला उमेदवार.

त्या सकाळी त्या जमिनीवर बसकर टाकून मोड आलेले वाल सोलत होत्या. फुगलेला वाल चिमटीत दाबला की साल हातात राहतं आणि डाळिंबी टुणकन ताटलीत पडते. वसंतराव शेजारी खुर्चीत पेपर उघडून बसले होते आणि मधूनच हात खाली नेऊन एखादी डाळिंबी तोंडात टाकत होते.

"कच्चे खाऊ नका हो. पोट बिघडेल."

"आयुष्यभर कचेरीतल्या कॅन्टीनचं खाल्लेलं पोट आहे हे. वालाची काय बिशाद!"

तेवढ्यात टकटक झाली. उघड्या दारावर.

आनंदीबाईंनी मान वर केली. उंबऱ्याबाहेर दर्शना उभी होती. शेजारच्या इमारतीतली, त्यांच्या लाडक्या विद्यार्थिनीची, श्रेयाची आई. एरवी ही बाई आत येऊन, गॅसवरच्या पातेल्यावरचं झाकण उचलून, "आज काय वास सुटलाय!" म्हणणारी. आज तिने चपलाही काढल्या नव्हत्या.

"अगं, ये की आत. परक्यासारखं दार काय वाजवतेस?"

"नको काकू. ड्युटीक जावचा आसा." दर्शनाचं काही बिनसलं की तिची जीभ मालवणीकडे वळते, हे आनंदीबाईंना ठाऊक होतं. त्यांचे हात वालात थांबले. "काल दादरच्या त्या पियानोच्या क्लासला नेलं होतं ना श्रेयाला."

"हो ना! मी रात्री पेढ्यांची वाट बघत होते. काय म्हणाले सर?"

दर्शनाने पर्सचा पट्टा खांद्यावर सारखा केला, वसंतरावांकडे एकदा बघितलं आणि खालच्या आवाजात विचारलं, "काकू, राग मानू नका. पण तुम्हाला ते वाचता येतं ना?"

"काय गं?"

"ते. पाच रेषांचं. पियानोचं."

"हो," आनंदीबाई म्हणाल्या.

तो शब्द तोंडातून निघाला आणि मगच त्यांना ऐकू आला.

हा 'हो' त्यांनी पहिल्यांदा म्हटला त्याला बरीच वर्षं झाली होती. आनंदीबाई मूळच्या गिरगावच्या. बी.ए. झाल्या त्याच सुमारास राजारामबुवांकडे पेटी शिकल्या आणि लग्न होऊन लालबागला आल्या त्या पेटी घेऊनच. चाळीतल्या भजनी मंडळाला त्यांची साथ, गणपतीत आरत्यांना त्यांची साथ, कुणाच्या मुलीला गाण्याच्या परीक्षेला बसायचं असलं की तिथेही त्यांचीच साथ. त्यांची पेटी स्केल चेंजरची. गाणारीचा आवाज उंच असला की खटका सरकवायचा, सगळी पट्टी सरकते. वाजवणाऱ्याची बोटं मात्र ओळखीच्या जागीच राहतात. पेटीवाल्याचा सा गाणाऱ्याच्या गळ्यात असतो, असं बुवा म्हणत. आनंदीबाईंच्या हाडात ते मुरलं होतं.

मग त्यांच्या घरच्या वर्गातली पोरं पेटीला नाकं मुरडू लागली. दिरांनी एक चांगला कीबोर्ड पाठवला आणि आनंदीबाईंना हायसं वाटलं, कारण त्यावरही पट्टी सरकवायचं बटण होतं. म्हणजे पेटीच की ही, फक्त भाता नसलेली! वर्ग पुन्हा भरला. आणि एका संध्याकाळी, खोलीत चारपाच आया बसलेल्या असताना, त्यातल्या एकीने विचारलं, "काकू, तुम्ही वेस्टर्न नोटेशनपण शिकवता ना? आजकाल शाळेत तेच विचारतात."

"हो. त्यात काय एवढं?"

दुसऱ्या दिवशी त्या गिरगावात जाऊन एक पातळसं पुस्तक घेऊन आल्या. सुरुवातीची पानं नेटाने वाचली. पाच रेषा, रेषांवर आणि फटींत बसलेले काळे मणी, प्रत्येकाला आपली काठी. मग त्यांना एक युक्ती सापडली. गाण्याचा शेवटचा मणी बघायचा. गाणं बहुतेक सावरच संपतं, म्हणून त्याला सा म्हणायचं. तिथून वर-खाली मोजत जायचं आणि प्रत्येक मण्याखाली लाल पेन्सिलीने सा, रे, ग, म लिहून टाकायचं. वरच्या सप्तकाला टिंब, कोमल स्वराखाली आडवी रेघ. मुलांनी अक्षरं वाचायची, सा कायम पहिल्या पांढरीवर धरायचा आणि मूळ गाण्याची पट्टी हवी तर बटण दाबायचं. खालच्या आणखी पाच रेषा डाव्या हाताच्या. त्यांच्याकडे त्यांनी कधी फारसं बघितलंच नाही. डावा हात सा-पवर ठेव म्हणायच्या.

आणि गाणी वाजायची! अगदी बरोबर वाजायची. आया खूश, मुलं खूश. वसंतराव तर इतके खूश की एका रविवारी त्यांनी जिन्यातल्या पाटीवर 'पेटी व कीबोर्ड वर्ग' याच्यापुढे स्वतःच्या हाताने 'व पियानो' रंगवलं. विचारूनच रंगवलं. आनंदीबाई तेव्हाही हो म्हणाल्या होत्या.

"बरं," दारातली दर्शना आता म्हणाली. "तुम्हाला येत असेल तर मग तिचंच काहीतरी चुकलं असेल."

"पण झालं काय, सांगशील की नाही?"

दर्शनाने सांगितलं. दादरच्या त्या क्लासात खरा पियानो आहे, काळा, लांबलचक. तिथे निवडूनच घेतात. श्रेयाला स्नेहसंमेलनात ऐकून शाळेच्याच बाईंनी तिचं नाव सुचवलं होतं. सरांनी पोरीला बसवलं, समोर एक पान ठेवलं आणि म्हणाले, सावकाश वाजव, घाई नाही. श्रेया पानाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "सर, खाली अक्षरं नाहीत." सर म्हणाले, "अक्षरं नसतातच गं." मग तिने पियानोच्या लाकडावरून हात फिरवला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि विचारलं, "बटण कुठे आहे?"

"मागे पोरं बसली होती काकू, नंबर लावून. हसली. एक आईसुद्धा हसली. सर नाही हसले. म्हणाले, तुला येतं ते काहीही वाजव. तर हिने हात मांडीवर ठेवले ते उचललेच नाहीत. मग सरांनी विचारलं, आधी कुठे शिकलीस. तिच्या तोंडून शब्द फुटेना, तर मी छाती काढून तुमचं नाव सांगितलं."

"काय म्हणाले?"

"काय नाय म्हणाले. ताच माका जास्त लागला."

ती गेली. जाताना वळून एवढंच म्हणाली, की पोरगी कालपासून नीट जेवली नाही आणि कीबोर्डवर ओढणी घालून ठेवलीय, मेलेल्या माणसावर घालतात तशी.

"त्या दादरवाल्याला म्हणावं, आधी पेटी वाजवून दाखव," वसंतराव पेपरामागून गरजले. "आपल्या माणसांना कमी लेखायची सवयच असते या लोकांना."

आनंदीबाईंनी उरलेले वाल सोलले. बिरडं केलं, त्यात गूळ घालायला विसरल्या.

दुपारी वसंतराव आडवे झाल्यावर त्यांनी ते पातळ पुस्तक काढलं. गेल्या गणपतीच्या आमंत्रणपत्रिकेची एक पट्टी कापली आणि श्रेयाच्या आवडत्या गाण्याखालची लाल अक्षरं झाकली. कीबोर्डवर हात ठेवले. बोटं भराभर चालली. क्षणभर त्यांना बरं वाटलं. मग लक्षात आलं, हे गाणं आपण इतक्या पोरांना शिकवलंय की डोळ्यांवर पट्टी बांधली तरी वाजेल. डोळे पानावर नव्हतेच.

म्हणून त्यांनी शेवटचं एक पान उघडलं. तिथे लाल पेन्सिल कधी पोचली नव्हती.

शेवटचा मणी बघितला. त्याला सा म्हटलं. पहिल्या मण्याकडे आल्या, बोट लावून मोजलं. रेष, फट, रेष. ग. पुढचा मोजला. म? की प? पुन्हा मोजला. तो सापडेपर्यंत पहिला विसरला. पहिलीतलं पोर अक्षराअक्षराला ठेचकाळत वाचतं, आणि शब्द संपेपर्यंत त्याला शब्दाची सुरुवात आठवत नाही, तसं झालं. आणि हा सा या कीबोर्डवर नेमका कुठे धरायचा? पुस्तकाला तो कुठलीतरी एक ठरावीक पट्टी दाबून हवा होता; त्यांना तो नेहमीसारखा पहिल्या पांढरीवर हवा होता.

मग त्यांनी पुस्तकातून सुटी झालेली जुनी पानं एकाशेजारी एक मांडली आणि खालून दुसऱ्या रेषेवरचा मणी प्रत्येक पानावर शोधला. एका गाण्यात त्याच्याखाली त्यांनी सा लिहिला होता. दुसऱ्यात रे. तिसऱ्यात प. मणी तोच, रेष तीच, आणि श्रेयाला त्यांनी त्याची तीन नावं सांगितली होती. चाळीतल्या एकाच बिऱ्हाडाला रोज नवा नंबर द्यावा आणि मग पोस्टमन चुकला म्हणून त्याला वेंधळा म्हणावं, तसं. पोरीने त्या रेषांकडे बघणं सोडून दिलं यात नवल ते काय! खाली लाल, ठसठशीत, ओळखीची अक्षरं असताना ती वर कशाला बघेल?

"नवीन गाणं का गं?" वसंतराव उठून बसले होते.

"वाचता येत नाहीये."

"चष्मा कुठाय?"

"डोळ्यांवरच आहे." त्यांनी पुस्तक मिटलं. "अहो, मला येत नाही ते. कधीच येत नव्हतं."

"काय येत नाही?"

"तुम्ही पाटीवर रंगवलंत ते."

वसंतराव म्हणाले, "हे दर्शनाला सांगायची काही गरज नाही. चार दिवसांत विसरेल ती." आणि लगेच स्वतःच नजर खाली घातली.

आनंदीबाईंच्या डोळ्यांपुढे दर्शना नव्हतीच. हसणारी पोरंही नव्हती. काळ्या लाकडावरून फिरणारा एक लहानसा हात तेवढा होता, बटण शोधणारा. तो हात त्यांचा होता. त्यांनीच तो पोरीच्या खांद्याला चिकटवून दादरला पाठवला होता आणि स्वतः घरी पेढ्यांची वाट बघत बसल्या होत्या.

संध्याकाळी त्या श्रेयाकडे गेल्या. अकरा वर्षांची पोर खिडकीशी बसून पायाच्या नखावरचं नेलपॉलिश खरवडत होती. ओढणी कीबोर्डवर तशीच.

"आजी, मी आता कॅरम खेळणार. पियानो माझ्या डोक्यात नाही जात. ढ आहे मी."

"ढ नाहीस तू. मी तुला चुकीचं शिकवलं, बाळा. मलाच ते वाचता येत नाही."

श्रेयाने वर बघितलं. बघता बघता तिच्या चेहऱ्यावर हसू आलं, मोठ्या माणसाने लहान पोराची समजूत काढताना येतं तसलं. "तुम्ही असंच म्हणणार. मागे माझ्याकडून तुमच्या पेटीची पट्टी तुटली, तेव्हापण आईला म्हणालात, आधीपासूनच सैल होती."

"ते वेगळं गं."

"सेमच आहे. मला वाईट वाटू नये म्हणून बोलता तुम्ही. तुम्हाला सगळं येतं. पाटीवर लिहिलंय." तिने पुन्हा नखाकडे मान घातली. "सरांनी मला दोनदा समजावलं, आजी. ही पहिली जागा, ही दुसरी. बाकीच्यांना लगेच येत होतं. मला दिसतच नव्हतं."

दर्शना ओट्याशी पाठमोरी उभी होती. तिने नळ बंद केला आणि वळली. आनंदीबाई तिला म्हणाल्या, "सकाळी खोटं बोलले मी." दर्शनाने चहाचं विचारलं नाही. आनंदीबाईंना तेच बरं वाटलं.

रात्रभर कूस बदलत त्यांना एकच कळत होतं, की पोरीचा आता त्यांच्या शब्दावर विश्वास बसणार नाही, कारण तो गरजेपेक्षा जास्त बसलाय. आपण खरं सांगितलं तर ती त्याला माया समजणार. दुसऱ्या कुणीतरी सांगायला हवं, आणि ते कुणी, हेही उघड होतं.

सकाळी त्या जिना उतरत होत्या तेव्हा वसंतराव पाटीपाशी स्टूल घेऊन उभे होते. हातात थिनरचा बोळा. 'व' गेला होता, 'पियानो' फिसकटला होता.

"नीट पुसा," त्या म्हणाल्या. "डाग ठेवू नका."

"तू ये जाऊन," ते वळून न बघता म्हणाले.

दादरच्या क्लासात अजून मुलं यायची होती. शंतनु सर म्हणजे तिशीतला तरुण, झब्बा-जीन्समधला. आनंदीबाईंना बघून तो उठून उभा राहिला. त्यांनी "नमस्कार सर" म्हणून नाव सांगितल्यावर त्याच्या लक्षात आलं आणि तो घाईघाईने खुर्ची पुढे ओढू लागला.

"बसा ना काकू. श्रेयाच्या बाई तुम्ही. अरे-तुरे करा मला, सर काय."

"असू दे, सर."

श्रेया आपलं गाण्याचं पान तिथेच विसरून गेली होती. त्याने ते टेबलावर ठेवलं. लाल अक्षरं, ठसठशीत, ओळीत.

"अक्षर काय सुंदर आहे हो तुमचं! आणि पोरीचा कान... जायच्या आधी मी सहज एक ओळ वाजवली. ती ओळ ती नकळत गुणगुणत जिना उतरली, एक सूर इकडचा तिकडे नाही." तो थांबला. "फक्त हे खाली लिहिलेलं. म्हणजे सरगम वाईट नाही, काकू. कुणी इंग्रजी अक्षरं लिहितं, कुणी बोटांचे आकडे, रंगीत मण्यांची पुस्तकंही मिळतात. सगळ्याचं तेच होतं. डोळा सोपं तेवढं उचलतो आणि रेषांकडे जातच नाही. सरगमने सुरांचं नातं कळतं, रेषांनी जागा कळते. तिला नातं छान कळलंय. जागा कधी दिसलीच नाही."

"पुन्हा होईल तिचं?"

"का नाही? कोरी पानं, रोज थोडी. पण तिने पियानोला हात लावायला हवा ना. काल आई फोनवर म्हणाल्या, ती नाही म्हणते."

आनंदीबाई मांडीवरच्या पिशवीचे बंद पिळत राहिल्या. त्यांचा चेहरा बघून तो पोरगा आणखी मऊ झाला. "तुम्ही मनाला लावून घेऊ नका. मला कळतं, वर्गात इतकी मुलं, सोपं पडावं म्हणून लिहून द्यावं लागतं. तुम्ही स्वतः थेटच वाचत असणार."

दार किती मोठं उघडून दिलं होतं त्याने! नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. एक 'हो', आणि घरी जाऊन पुन्हा बिरडं, या वेळी आठवणीने गूळ घातलेलं.

"नाही," आनंदीबाई म्हणाल्या. "मला वाचता येत नाही. कधीच येत नव्हतं. येतं म्हणून सांगितलं सगळ्यांना."

त्यांच्या कानांच्या पाळ्या तापल्या होत्या. त्या काळ्या पियानोकडे बघू शकत नव्हत्या, म्हणून पानाकडे बघत होत्या, आणि पानावर त्यांचंच अक्षर होतं.

"तुम्हाला शिकायचं असेल तर..." तो हळूच म्हणाला.

"माझं राहू दे, सर. तिला घ्याच, असंही नाही म्हणत मी. ते तुम्ही बघा. मी तिला सांगून बघितलं, पण तिला वाटतं मी तिची समजूत घालते आहे. तुमचं ती ऐकेल." त्यांनी पान उचलून त्याच्यापुढे धरलं. "मी तिला घेऊन येते. माझ्यासमोर, माझं नाव घेऊन तिला एवढंच सांगा, की चूक तिची नव्हती, माझी होती."